खिडकीतली आत्या

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक ताई थेंब घालून डोळे मिटून बसल्या होत्या. धाकटा भाऊ त्यांच्यापाशी कुरकुरत होता.

"आपला लहानपणीचा तो होडीचा व्हिडिओ गेम कंपनीने नव्या, स्वच्छ चित्रांत काढलाय. हौसेने घेतला आणि डोक्याला ताप झाला."

"का, बिघडलाय?"

"बिघडला असता तर परवडलं असतं. आता गवताचं पातं न् पातं दिसतं. दीपगृहाची खिडकीसुद्धा लख्ख."

"मग आत्या दिसली असेल."

"कसली आत्या. पडदा आहे तो, गाठ मारलेला."

"गाठ नाही रे, अंबाडा."

"गाठच आहे, ताई. झालरीसकट दिसते."

"आत्या स्वतः म्हणायची ना, 'ती मीच. अभ्यास सोडून खेळता, ते बघतेय.'"

"म्हणायची. ती गेल्यावरही मी होडी मुद्दाम तिच्या खिडकीखालून न्यायचो. पडद्याच्या."

"मग जुनंच खेळ की."

"बटण दाबलं की जुनं धूसर चित्र येतं. पण आता त्यातही मला पडदाच दिसतो."

"शहाणाच आहेस."

"घरी चल, दाखवतो."

"काही नको. माझी आत्या आहे तिथे बसू दे."