काकूंच्या नावाची मखमली मुंगी

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाईंच्या शेजारी एक म्हातारे सर आणि त्यांचा जुना विद्यार्थी बसले होते. बाईंनी कान टवकारले.

“सर, वाळवंटातली तुमची मखमली मुंगी वेगळी जात नाही. ती नुसती एका गांधीलमाशीची बिनपंखी मादी आहे. तिचा पंखवाला नर तुमच्या आधीच दुसऱ्या नावाने नोंदला गेलाय.”

“कशावरून?”

“आज सकाळी दोघांची जोडी लागलेली सापडली.”

“म्हणजे जुनं नाव राहणार. मी तिला माझ्या बायकोचं नाव दिलेलं, ते जाणार.”

“हो.”

“हिच्यासमोर चकार शब्द काढू नकोस. आयुष्यभर मिरवलंय तिने.”

“सर, पण काकूंनीच...”

तेवढ्यात सुजलेलं बोट वर धरून काकू डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या.

“मेली काय डसली! सांगितलंस ना रे ह्यांना? माझं नाव खोडा खुशाल. पण जोडी कुणी पकडली, तेवढं मात्र छापा.”