शबानाचं वाक्य

आमच्या शबानाचं सांगती तुमाला. इस्लामपुरात आमी दोघी पोलीस भरतीची तयारी करत होतो. इंग्रजीच्या तासाला सरांनी 'कम्पीट' म्हणजे स्पर्धा करणं, असं सांगून प्रत्येकाला वाक्य करायला लावलं. शबाना उठून म्हणाली, "आय कम्पीट विथ बॉईज."

पोरं हसली. सर म्हणाले, "बॉईज खोड, गर्ल्स लिही."

"व्याकरण चुकलंय का, सर?"

"व्याकरण बरोबर आहे, पण खरं वाटत नाही."

"मी रोज सकाळी ह्यांच्यासंगच पळती. कितीजण मागं राहत्यात, ते त्यास्नीच इचारा."

सरांनी पोरांकडं बघितलं. पोरं वहीत बघाय लागली.

"बरं, बस खाली," सर म्हणाले.

"आधी फळ्यावर लिवा, सर," शबाना म्हणाली. "मग बसती."