माशीमा आणि व्यायामाचे सर

व्यायामाचा सर मला ‘माशीमा’, म्हणजे बंगालीत मावशी, म्हणाला याचा मला अजिबात राग आला नाही. इथे कोलकात्याच्या बेहाला भागात माझ्या वयाच्या बाईला सगळेच म्हणतात. पण पुढचं ऐका.

पाळी गेल्यापासून माझं अंग नुसतं लाकूड झालंय. वाकून चपलेचा पट्टा लावता येईना, म्हणून शेजारच्या शिखादींबरोबर व्यायामाच्या क्लासला जायला लागले. तिसऱ्याच दिवशी पाय पसरून पुढे वाकायचं होतं. शिखादींचे हात जेमतेम नडगीपर्यंत पोचले, तर या पंचविशीतल्या सरांनी मागून येऊन त्यांची पाठ चक्क खाली दाबली! बिचाऱ्या कळवळल्या.

मी ताडकन म्हटलं, “हात काढा आधी! या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात. अंग गरम करून हळूहळू ताणायचं, ओढ लागली की थांबायचं. दाबायचं नाही!”

तर हसून म्हणतो, “माशीमा, एवढी भीती वाटते तर घरी बसून जप करा.”

जप! मी विचारलं, “तुमची आई कुठे व्यायाम करते?”

“आईला काय गरज? ती दिवसभर घरीच असते.”

आम्ही दोघी तिथून उठलो ते उठलोच. फिजिओथेरपिस्ट बाईंकडून नीट शिकून घेतलं आणि आता आमच्या गच्चीवर सात जणी जमतो.

परवा आठवी आली. कंबरेवर हात ठेवून कशीबशी जिना चढली आणि म्हणाली, “मी त्या सरांची आई. इथे येते हे त्याला सांगू नका हं.”