धरणाच्या खाली

एसटी पवनीकडं निघाली, तशी मंदाबाईच्या मागच्या सीटवरची दोघं बोलू लागली. एकाच्या मांडीवर लाल फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं होतं, ते तिनं चढतानाच पाहिलं होतं.

"गोमाजी, गुड्डीच्या अस्थी धरणापल्याड कायले नेता? घाट तं पवनीलेच हाये."

"पवनीले सोडलं तं धरणात अडकन ना जी. आपलं गाव घेतलं त्या धरणानं, पोरगी नाही देत."

"अडकली तं काय होते?"

"लहानपणापासून तिले समुद्रातल्या जीवांचा अभ्यास कराचा होता. गोव्याच्या कालेजात नंबरबी लागला, अन् ताप आला."

"समुद्र पाहला होता का तिनं?"

"कधी पाहन? आता चालली."

"धरणाखालचं पाणी समुद्रातच जाते, पक्कं?"

"गुड्डीच सांगे. आता कोणाले विचारू?"

मंदाबाईनं मागं वळून पाहिलं नाही.