झरीतली रिकामी जमीन

नाही, आधी तारीख घ्या, नाहीतर म्हणाल पोरगा काहीबाही सांगतो... अठरा नोव्हेंबर, मंगळवार, दुपारचे चार, आशागडच्या नाक्यावर हे मला सुनिलने सांगितलं, आणि सुनिल म्हणजे परदेशी गुंतवणूक आणणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. मी स्वतः पाहिलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तर तुम्हाला सांगतो, या कार्यालयाने रंगीत पुस्तिका काढली, तीत झरी गावची जमीन 'रिकामी, पडीक', फोटो मे महिन्यातला... मे महिन्यात कुठलं भातशेत रिकामं नसतं हो? ती वाचून फळांचा रस काढणारी एक परदेशी कंपनी ऑक्टोबरात पाहायला निघाली, आणि जमिनीवर तिथल्या देवजी नावाच्या शेतकऱ्याचं भात कमरेएवढं उभं. चूक कुणाची? अर्थात भाताची.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कार्यालयाचे सुदर्शन साहेब बांधावर हजर. काका, जमीन कुणी घेत नाही, पाहुणे नुसते बघणार, आज कापून टाका, नाहीतरी कापणारच ना?

देवजी म्हणाला, "साहेब, दाणा अजून दुधात हाय. वीस दिस थांबा."

पाहुणे थांबणार नव्हते, तेव्हा घाई भाताने करायची. झरीत नवा तांदूळ देवाला दाखवल्याशिवाय घरात कुणी खात नाही, इथे देवाच्या आधी पाहुणे! संध्याकाळपर्यंत शेत साफ, होळीपर्यंतचं घरचं खाणं गुरांपुढे. मी पाहिलेलं नाही, पण धसकटं नंतर जाऊन पाहिली, घोट्याएवढी.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याने पडलेली एक लोंबी उचलली, चिमटीत दाबली, बोटाला पांढरं दूध. हे काय, म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, "गवत. इथे काही उगवतच नाही."

देवजीची बायको गंगी शेजारीच उभी. "मंग चिखलात वाकून मी गवत लावलं काय?"

पाहुण्याने तिच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि त्याच्या भाषेत बराच वेळ बोलला. दुभाष्या म्हणाला, "पाहुणे म्हणतात, हवा छान आहे."

महिन्याने कंपनीचं पत्र आलं: जिथे काही उगवत नाही तिथे पाणी नसणार, आम्हाला पाणी लागतं, क्षमस्व. हेही मी पाहिलेलं नाही, सुनिलने गाडीत साहेबांच्या तोंडून ऐकलं. साहेब खचले नाहीत, देवजीला निरोप धाडला, पुढच्या वर्षी लावूच नका, म्हणजे कापायला नको.

बाकी सगळं मी दोनदा विचारून घेतलंय. फक्त पाहुणा एवढा वेळ हवेबद्दलच बोलत होता का, हे मात्र पडताळता आलं नाही... सुनिलला ती भाषा येत नाही, आणि दुभाष्या फोन उचलत नाही.