तो डाग नव्हता हो, बाबा!

...पांढरीशुभ्र! अहो, तुम्हाला सांगतो, काळ्या कागदातून टेफ्लॉनच्या फिल्मचा रोल बाहेर काढला आणि दोन्ही बाजू चार-चारदा उलटून पाहिल्या, कारण या फिल्मला जगातला कुठलाच गोंद धरत नाही, म्हणून तर कारखान्यात तिची एक बाजू रसायन लावून तपकिरी करून घेतात, गोंद धरतो तो त्या तपकिरीला, आणि ती असते भलती नाजूक! अंधारात ठेवली तरी हळूहळू म्हातारी होते, आणि उन्हात ठेवली तर... विचारूच नका! म्हणून तर घरातल्या कपाटात, सगळ्यात खाली, काळ्या कागदात गुंडाळून... आणि तरी पांढरी?

‘बाबा, हा रोल कोणी उघडला?’

‘मीच!’ छाती फुगवून. ‘केवढे डाग पडले होते रे! गुडघे धरत का होईना, महिनाभर गच्चीवर घालत होतो, रोज उलटून पालटून. दाखव आता एक तरी डाग!’

आता बाबांना काय बोलणार? जन्मभर लॉन्ड्री चालवली हो त्या माणसानं! गुडघे गेले, लॉन्ड्री बंद झाली, तेव्हापासून नुसते खिडकीशी बसून, ‘जेवता का?’ म्हटलं तर ‘ठेव तिथे.’ आणि त्या दिवशी चक्क शीळ घालत होते! शीळ!

तशीच चिकटवली मग. बेकरीच्या रुळांना पीठ चिकटू नये म्हणून बसवायची होती, माझ्या नव्या धंद्याचं पहिलंवहिलं काम, दुसरा रोल यायला आठवडा, म्हटलं असेल थोडी तपकिरी शिल्लक... कसली शिल्लक! दुसऱ्याच दिवशी बेकरीवाल्याचा फोन, ‘अहो, तुमचा रूळ कात टाकतोय! मी पाव भाजू की सालं वेचू?’

धावत गेलो. पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं! ‘नवीन बसवून देतो, फुकट देतो,’ म्हटलं, तेव्हा कुठे गडी शांत झाला आणि काम हातात राहिलं. पण बाबांना काय बोलणार?

घरी आलो तर बाबा दारातच उभे. ‘कशी बसली रे फिल्म?’ निकालाच्या दिवशी पोराचं तोंड असतं ना, अगदी तसं! फार वाईट वाटलं हो मला. सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो, पण जीभ भलतंच बोलली... ‘मस्त बसली, बाबा!’

‘मग! नवीन रोल आला की लगेच दे माझ्याकडे, आधीच उन्हात घालून ठेवतो!’

काय करता? हल्ली दर वेळी दोन रोल मागवतो. एक कामाला... आणि एक बाबांना.