खरवसाची जोड

आमचं गाव निपाणीच्या अल्याड, आता नाव कशाला, गाव सुटून पन्नास वर्षं होऊन गेली आणि तिथं माझं म्हणावं असं कुणी उरलं न्हाई. आज्जा तंबाखूच्या रानात राबला, बा तिथंच राबला, आणि मला त्या तंबाखूचा वास सोसायचा न्हाई म्हणून मामानं उचलून बंगळूरला आणलं. मामा इथं मल्लेश्वरमकडं एका सरकारी संस्थेच्या बागेत माळी हुता, मीबी तिथंच चिकटलो आणि तिथंच म्हातारा झालो. काय सांगू ताई तुमास्नी, एवढी वर्षं मी साहेबलोकांच्या गुलाबास्नी पाणी घातलं पण एकानंबी मला झाडाबद्दल कधी काय इचारलं न्हाई. अण्णा, इकडं पाणी मार. अण्णा, ती कुंडी उचल. सरी, म्हंजे बरं, म्हणायचं आणि उचलायची. तुम्ही मराठी मंडळाच्या अंकासाठी जुन्या माळ्यांची माहिती लिवायला आलाय, लिवा, पण मला आधी दुसरंच सांगायचं हाय. माझी पोरगी रेणुका माझ्यापायी आठ महिने तुरुंगात हुती, आता जामिनावर बाहीर हाय, खटला अजून चालूच हाय. ते सांगितल्याबिगर मला गुलाबाचं काय सांगता येणार न्हाई. म्हणून तर म्हटलं इथं मैदानात बसू, घरी नको.

मामानं मला एक गोष्ट नीट शिकवली. चांगलं झाड एकाच जागी ठेवायचं न्हाई. त्याची एक फांदी दुसरीकडं लावून ठेवायची, त्याला मामा जोड म्हणायचा. साहेब बदलला की नवा साहेब बाग उपटायचा, कधी कीड पडायची, कधी उन्हाळ्यात पाणीच यायचं न्हाई, आणि मग कुणीतरी इचारायचं की तो पिवळा गुलाब हुता तो कुठं गेला. मामा क्वार्टरच्या मागच्या डब्यातनं तो काढून द्यायचा. मीबी तेच केलं. तेलाचे डबे, रंगाचे डबे, बायको म्हणायची घरात एक डबा रिकामा ठेवत न्हाईसा. ती गेली तवाबी मागच्या दारी अकरा गुलाब हुते आणि सगळे दुसऱ्यांच्या बागेतले. आमच्यात याला चोरी म्हणत न्हाईत. चांगली फांदी बघितली की माझी बोटं आपोआप तिकडं जातात, अजूनबी जातात.

रेणुका एकुलती एक. तिचा नवरा होसूरला कारखान्यात हुता, तो तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. ही रडली न्हाई, भांडली न्हाई, शिलाई मशीन रिक्षात घालून परत आली. मी रिटायर झालो, क्वार्टर सोडायला लागलं, तवा हिनं इथल्याच शिवाजीनगरात दोन खोल्या घेतल्या, चिकपेटच्या दुकानांची फॉल-बिडिंगची, ब्लाउजची कामं घरी आणायची आणि दिवसभर मशीन चालवायची. भाड्याचा करार करायच्या दिवशी म्हणाली, अप्पा, आता घर माझ्या नावावर, तुम्ही माझ्याकडं राहायला. त्या कागदावर सही करताना हसत हुती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर काहीतरी झालं. मीबी शेजारपाजाऱ्यास्नी सांगत सुटलो, घर पोरीच्या नावावर हाय बरं का.

मग निखिल सर भेटले. पुण्याचे, कंप्युटरमधले, एका टॉवरमधी पंधराव्या मजल्यावर एकटेच राहायचे, दोन मांजरं हुती. तिथला वॉचमन माझ्या वळखीचा, तो म्हणाला एका सराला झाडं कळणारा मराठी माणूस पायजे. मी गेलो. आतल्या खोलीत काळा तंबू लावलेला, त्यात दिवे, पंखे, आणि कुंड्यांत झाडं, पानं पिवळी पडलेली. काका, प्लीज बघा ना, अ‍ॅक्चुअली मी सगळं यूट्यूबवर बघून करतोय पण लीव्हज यलोच होतायत. मी बघितलं आणि बघताक्षणी वळखलं. आमच्या गावाकडं टेकडीवर मठ हुता, तिथल्या गोसाव्यांच्या परसात हे झाड मी चड्डीत असल्यापासनं बघितलेलं. गांजा. सर म्हणाले, काका, टेन्शन घेऊ नका, फॉरेनमधे हे लीगल आहे, मी विकत वगैरे नाही, मला झोप लागत नाही म्हणून. मला तिथनं उठून यायला पायजे हुतं. पण मी काय म्हटलं, तर म्हटलं, सर, पाणी स्वल्प कमी करा, मुळं गुदमरलीत. आणि त्यांनी ते फोनमधी टाइप करून घेतलं. माझं बोलणं कुणी लिवून घेतलं ते पहिल्यांदा, ताई. दुसऱ्या तुम्ही.

पैशासाठी केलं असं म्हणालो तर तुमास्नी बरं वाटंल, पण तसं न्हाई. मला पेन्शन हुती. मला तिथं मान मिळायचा म्हणून मी जायचो. आठवड्यातनं तीनदा, रेणुकाला सांगायचो एका सराच्या गॅलरीतली झाडं बघतो. सरांनी दोन जातीची झाडं एकत्र करून तिसरी जात काढायचं मनावर घेतलेलं. एक कुठल्यातरी इंग्रजी केकच्या नावाची, दुसरी डोंगरातली. नर झाड कुठलं, मादी कुठली, त्यांना कळायचं न्हाई, मला दुरनं कळायचं. वर्षभर गेलं त्यात. शेवटी एक झाड असं निघालं की काय सांगू, पानाच्या कडेला जांभळी झाक, तुरे घट्ट, हात लावला की चिकट. सर म्हणाले, काका, वास घ्या आणि सांगा कशाचा आहे. मी डोळे मिटले. म्हटलं, गाय व्यायली की पहिल्या दुधाचा खरवस करतात, गूळ घालून, वर जायफळ, त्याचा वास हाय. सर उडालेच. दॅट्स इट काका, खरवस. पांढऱ्या पट्टीवर काळ्या पेनानं लिवून कुंडीला चिकटवलं, खरवस. रविवारी त्यांचे दोस्त आले, एकेकानं नाक घातलं, आणि सर म्हणाले हे आमचे काका, लेजंड आहेत, नाव यांनीच ठेवलंय. मी हातात पाण्याचा पंप घेऊन उभा. लाज वाटायला पायजे हुती. छाती फुगली.

आणि असलं झाड एकाच जागी. त्या सराच्या हातात, ज्याला पाणी किती घालायचं ते कळत न्हाई. मला रातभर चैन पडंना. दुसऱ्या खेपेला मी एक फांदी घेतली, ओल्या पेपरात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि घरी आणली. रेणुकाच्या गॅलरीत कढीपत्ता हुता, तुळस हुती, क्वार्टरमधनं आणलेले माझे गुलाब हुते, त्यांच्या मागं तेलाच्या डब्यात लावली. सरांना सांगितलं न्हाई. रेणुकानं इचारलं, हे कसलं झाड अप्पा. म्हटलं, औषधी हाय, संधिवाताचं. तिनं इश्वास ठेवला. का ठेवू नये, झाडाबद्दल तिनं माझंच ऐकलेलं जन्मभर. सकाळी तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरलेलं याला घालायची. तिच्या हाताखाली ते सराच्या झाडापेक्षा जोरात आलं, उगाच न्हाई सांगत. आणि एक दिवस बघतो तर पाटा मांडून पाला वाटतीय. म्हणाली, औषधी हाय तर मग गुडघ्याला लावते की. रोज संध्याकाळी मशीनवरनं उठायची, माझे पाय मांडीवर घ्यायची आणि लेप लावायची. मी लावून घेतला. दोन महिने लावून घेतला. गप बसून.

मग सरांच्या टॉवरमधी वासाची तक्रार झाली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं केली म्हणतात. तिथल्या लोकांच्या ग्रुपवर मेसेज फिरला की पोलिसांना बोलवणार, तो सरांनीबी वाचला. मला फोन आला, काका, दोन दिवस येऊ नका हं, पाहुणे आहेत. पोलीस तिथं पोचले तवा त्या खोलीत सतरंजी घालून व्यायामाची जागा केलेली. सरांनी त्यास्नी कॉफी दिली आणि सांगितलं की मला झाडातलं काय कळत न्हाई, एक माळी हुता, तोच कसल्या कसल्या कुंड्या आणायचा, मी त्याला काढून टाकलाय, हा त्याचा पत्ता. हे मला कसं ठावं, तर रेणुकाच्या वकीलबाईंनी नंतर जबाबाचा कागद वाचून दाखवला. खाली सरांची सही हाय.

पोलीस आमच्याकडं आले तवा सकाळचे अकरा वाजलेले. रेणुका मशीनवर, दातात टाचणी धरलेली. इन्स्पेक्टर सरळ गॅलरीत गेला, तुळस बाजूला सारली आणि हसला. झाड फुलावर हुतं, सगळ्या मजल्यावर खरवसाचा वास. यारद्दु इदु, म्हणाला, कुणाचं हे. रेणुकानं कन्नडमधी सांगितलं, अप्पाच्या गुडघ्याचं औषध हाय, मीच पाणी घालते. घरंदाज बाई जशी पाहुण्याला सांगंल तसं सांगितलं, भ्यायची तिला काय गरज. इन्स्पेक्टरनं माझ्याकडं बघितलं. अज्जा, तू सांग, यारद्दु. ताई, त्या वक्ताला माझ्या डोक्यात पोरगी आली न्हाई, म्हातारपण आलं न्हाई, देव आला न्हाई. एवढंच आलं की मला धरून नेऊ नये. मी म्हटलं, मने अवळदु. घर हिचं हाय, हिच्या नावावर. खोटं न्हाई बोललो. तिनं माझ्याकडं बघितलं. दातातली टाचणी काढली, कापडाला टोचली, अर्धा ब्लाउज घडी करून मशीनवर ठेवला आणि उठली.

आठ महिने. पहिल्याच आठवड्यात चिकपेटच्या शेठनं माणूस पाठवून कापडं परत नेली, अर्धा ब्लाउजबी नेला. शेजारी माझी कीव करायचे, बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या घरात पोरीनं काय धंदा मांडलेला, म्हणायचे, आणि मी मान हलवायचो. निखिल सर पुण्याला गेले, तिथनं फोनवर मेसेज आला, काका, होप ऑल गुड, टेक केअर, खाली हात जोडलेलं चित्र. मी त्यास्नी बोलून मेसेज पाठवला. काय पाठवला सांगू का. पोरगी आत हाय, तुमी येऊन खरं सांगा, असं न्हाई. मी इचारलं, सर, खरवसाचं काय झालं, एखादं तरी राहिलं का. त्यांचं उत्तर आलं न्हाई.

जेलमधी भेटायला गेलो तवा जाळीपलीकडनं तिनं दोनच गोष्टी इचारल्या. अप्पा, तुमाला ठावं हुतं? म्हटलं, व्हय. मग मी पाला वाटत हुते तवा गप का बसलासा? मी म्हटलं, गुडघ्याला आराम पडत हुता. तेबी खरंच हुतं. ती उठून गेली. त्या दिवसापासनं तिनं मला अप्पा म्हटलेलं न्हाई.

जामीन झाला, घरी आली, आंघोळ केली आणि गॅलरीतलं सगळं खाली नेऊन टाकलं, कढीपत्ता, तुळस, माझे गुलाब, रिकामे डबेसुदिक. आता तिथं नुसती फरशी. भिंतीच्या फटीत पावसात गवत उगवतं तवा मला हाक मारते, माळी, इकडं या. मी वाकून उपटायचं आणि मूळ निघालं का ते तिला दाखवायचं. मूळ बघितल्याशिवाय हलत न्हाई. मला घराबाहीर काढंल असं वाटलेलं. काढलं न्हाई. कुठं जाल, म्हणाली. शेजारणीची उशांची कव्हरं शिवते आता आणि मला सांभाळते.

वकीलबाई चांगली हाय. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, अज्जा, तुम्ही जजसमोर उभं राहून एवढं सांगा की झाड तुम्ही लावलं आणि मुलीला खोटं सांगितलं, केस हलकी होईल. तवापासनं तीन तारखा झाल्या. तिन्ही तारखांना मी धुतलेला शर्ट घालून गेलो. रेणुकाचं नाव पुकारतात, ती उठून उभी राहते, आणि मी मागच्या बाकावर चप्पल बघत बसतो. तिनं मला एकदाबी म्हटलं न्हाई की सांगा. म्हटलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी मनाला सांगतो. पुढच्या सोमवारी चौथी तारीख हाय. जाईन. शर्ट धुवून ठेवलाय.

तुमास्नी मात्र सगळं सांगितलं, एकबी गोष्ट ठेवली न्हाई. लिवा, अंकात छापा. फोटो नको, आणि माझं नाव तेवढं बदला. तिचं राहू दे, ते तसंबी सगळ्या कागदांवर हाय. देव तुमचं भलं करो ताई, पोराबाळांत सुखी राहा. मला आता उठाय पायजे, एक वाजत आला. तिनं ताट वाढलं असंल, आणि मी जेवल्याशिवाय ती जेवत न्हाई.